फ्लश बदलताय? आधी बादली आणि टेप घ्या

एप्रिल संपता संपता आमच्या विहिरीवरचा पंप दहा मिनिटांत हवा ओढायला लागतो. मग तो बंद करायचा, तीन-चार तास झरे भरू द्यायचे आणि पुन्हा दहा मिनिटं चालवायचा. जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या सिंधुदुर्गात ही गत, कारण जांभ्यात, म्हणजे इथल्या लाल सच्छिद्र दगडात, पाणी भराभर मुरतं आणि तितक्याच भराभर खाली निघून जातं. अशाच एका मे महिन्यात सगळ्यांनी अर्ध्या बादलीत अंघोळ उरकली आणि त्यानंतर कुणीतरी संडासाची टाकी सोडली. तो आवाज ऐकून मला पहिल्यांदा हिशोब सुचला.

जुलैत गोष्ट उलटी होते. पाणी मुबलक असतं, पण जमीन तुडुंब भिजलेली असते आणि शोषखड्डा घोटभर पाणीसुद्धा प्यायला तयार नसतो. टाकी सोडली की चेंबर गुडगुडतो. म्हणजे आपल्याकडे कमी पाण्याचा फ्लश उन्हाळ्यात विहिरीसाठी लागतो आणि पावसाळ्यात खड्ड्यासाठी. शहरातल्या लेखांत ही दुसरी बाजू सहसा नसते.

आधी मोजा

तुमची टाकी किती पाणी सोडते हे तिच्यावर लिहिलेल्या आकड्यावरून ठरवू नका. टाकीखालचा अँगल कॉक बंद करा. आत पाणी जिथवर आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. फ्लश करा. आता एक लिटरच्या तांब्याने किंवा पाण्याच्या बाटलीने मोजून त्या खुणेपर्यंत पाणी भरा. जितके तांबे गेले तितके लिटर. साखळी ओढायच्या जुन्या लोखंडी टाक्या आणि नंतरच्या प्लास्टिकच्या साध्या टाक्या १० ते १२ लिटरच्या असायच्या. आमची निघाली १० ची.

आता पाच माणसांचं घर धरा. प्रत्येकाचा दिवसाला एक मोठा आणि चार छोटे, म्हणजे एकूण २५ फ्लश. १० लिटरच्या टाकीने दिवसाचे २५० लिटर झाले. ६/३ लिटरच्या दोन बटणांच्या टाकीने पाच मोठ्यांचे ३० आणि वीस छोट्यांचे ६० असे मिळून ९० लिटर. रोजचे १६० लिटर वाचले. गणपतीत घरात अठरा माणसं असली तर तोच हिशोब ९०० विरुद्ध ३२४ वर जातो. स्लॅबवर हजार लिटरची टाकी असेल तर चतुर्थीच्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत पुरणार की दुपारीच कोरडी पडणार, याचा फैसला इथेच होतो.

मोजताना गळतीही पाहा. टाकीच्या पाण्यात रंग टाकून अर्धा तास कुणी फ्लश वापरायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर टाकीचा खालचा रबर गळतो आहे. मी आधी हाताशी होतं म्हणून कोकमाचं आगळ ओतून पाहिलं. टाकीभर पाण्यात ते इतकं फिकं पडलं की काही कळेना, वर सासूबाईंची बोलणी खावी लागली ती वेगळीच. शेवटी जिलबीत घालायचा केशरी रंग चिमूटभर टाकला, मग दहा मिनिटांत सगळं उघड झालं. मिनिटाला अर्धा पेला, म्हणजे १०० मिलिलिटर गळती असेल तर दिवसाला १४४ लिटर जातात. वर नवा कमोड घेऊन वाचणारे १६० लिटर पाहिलेत ना? जवळजवळ तेवढंच पाणी कुणी बटण न दाबता जातं, आणि आतला व्हॉल्व्हचा संच काहीशे रुपयांत मिळतो. गळती असेल तर आधी तो बदला आणि महिनाभर थांबा. कदाचित पुढचं वाचावंही लागणार नाही.

कुणी बदलू नये

भारतीय बैठकीचा संडास असेल आणि तुम्ही बादलीने पाणी ओतत असाल, तर तुमचा खर्च बहुधा चार-पाच लिटरच्या आतच असतो. पाणी वाचवण्यासाठी तो फोडू नका. गुडघे दुखतात म्हणून कमोड हवा असेल तर अवश्य बसवा, पण पाणी वाचेल म्हणून बसवतोय असं सांगू नका.

आणि गावातल्या दोन खड्ड्यांच्या संडासाला तर हातच लावू नका. त्याचं भांडं खोल उताराचं असतं, वास अडवायला वळणात साचून राहणाऱ्या पाण्याचा अडसर फक्त २० मिलिमीटरचा, त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये ते स्वच्छ होतं. बाजारातला कुठलाही महागडा कमोड त्याच्या जवळपास येत नाही. मुंबईहून आलेले चाकरमानी हौसेने त्याला फ्लशची टाकी जोडतात आणि दोन पावसाळ्यांत खड्डा भरला म्हणून ओरडतात. कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात 'कोकणचे गांधी' अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारा संडास लोकांपुढे ठेवला, त्याला कितीतरी दशकं झाली. कमी पाण्याचा संडास कोकणाला बाहेरून शिकायची तशी गरज नव्हती.

टाकी बदलायची की अख्खा कमोड?

इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. जुनं भांडं १० लिटरच्या धक्क्यासाठी घडवलेलं असतं. त्यावर ६/३ ची नवी टाकी बसवली की पाणी कमी पडतं, मोठं बटण दोनदा दाबावं लागतं, आणि ६ दुणे १२ म्हणजे आधीपेक्षा जास्त पाणी जातं. टाकी आणि भांडं ही जोडी एकमेकांसाठी बनवलेली असते, ती एकत्रच घ्या.

अगदीच खर्च नको असेल तर जुन्या टाकीत पाणी भरलेली एक लिटरची बाटली, तळाशी थोडी वाळू घालून, उभी ठेवा. दर फ्लशला एक लिटर वाचतं. बाटली बॉल कॉकच्या, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या, दांड्याला अडणार नाही एवढं बघा. वीट किंवा चिऱ्याचा (जांभ्याच्या घडीव दगडाचा) तुकडा ठेवू नका. चिरा पाण्यात झिजतो, त्याची लाल रेव रबराखाली जाऊन बसते आणि मग गळती सुरू होते.

टेपचं माप, आणि माझी फजिती

कमोडचे दोन प्रकार. मैला जमिनीत सोडतो तो एस-ट्रॅप, मागच्या भिंतीत सोडतो तो पी-ट्रॅप. वाकून मागे पाहिलंत की कळतं.

एस-ट्रॅप असेल तर फरशी लावलेल्या तयार भिंतीपासून जमिनीतल्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. बाजारात साधारण ४, ९ आणि १२ इंचांचे कमोड मिळतात. पी-ट्रॅप असेल तर तयार जमिनीपासून भिंतीतल्या पाइपाच्या मध्यापर्यंतची उंची मोजायची. ती बहुतेक ठिकाणी ७ इंचांच्या आसपास, म्हणजे १८० मिलिमीटर असते. जुन्या फरशीवर नवी फरशी चढवली असेल तर ही उंची अर्धा-पाऊण इंचाने कमी झालेली असते आणि नवा कमोड पाइपाला जुळत नाही.

मी काय केलं? एक व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलं होतं की भिंतीपासून कमोडच्या बोल्टपर्यंत मोजा. मी मोजलं, ९ इंच आले, तालुक्याच्या गावातून ९ चा कमोड टेम्पोत घालून आणला. प्लंबरने जुना उचलला, खाली वाकून पाहिलं आणि टेप न लावताच म्हणाला, "वयनी, ह्या हयसर बसाचा नाय." पाइपाचा मध्य १२ इंचांवर होता. व्हिडिओ अमेरिकेतला. तिथल्या कमोडचे बोल्ट पाइपाच्या मध्याच्या रेषेत येतात, आपल्याकडच्या बऱ्याच कमोडचे येत नाहीत. दुकानदाराने तो परत घेतला, पण टेम्पोचं भाडं दोनदा गेलं आणि दोन दिवस आम्ही शेजाऱ्यांच्या दारात टमरेल घेऊन उभे होतो.

पाइप आणि कमोड जुळत नसतील तर वाकडा कनेक्टर लावून जमवू, असं कुणीतरी सांगेलच. दहा लिटरच्या फ्लशला तो चालून जायचा. सहा लिटरमध्ये मैला त्या वळणावरच रेंगाळतो. योग्य मापाचाच आणा.

दुकानात

दोन बटणांची टाकी ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये निघाली, तेव्हा ती ११ आणि साडेपाच लिटरची होती. आता आपल्या बाजारात ६/३ सर्रास मिळते, त्याहून कमीचीही मिळते. सेप्टिक टँक घरालगत असेल तर कमीची बेलाशक घ्या. पाइपलाइन लांब असेल तर ६/३ वरच थांबा.

खोक्यावर आयएसआय चिन्ह पाहा: चिनी मातीच्या भांड्यासाठी आयएस २५५६, प्लास्टिकच्या टाकीसाठी आयएस ७२३१. मग भांड्याच्या आत हात घालून ट्रॅपचा, म्हणजे मैला बाहेर नेणाऱ्या वळणाचा, सुरुवातीचा भाग चाचपा. ग्लेझ आतपर्यंत गुळगुळीत लागला पाहिजे. खरखरीत लागला तर दुसरा दाखवायला सांगा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

भिंतीत लपवलेली टाकी दिसायला देखणी असते. मी घेणार नाही. आपल्या पाण्यात लोह असतं, खाडीकाठच्या विहिरी मचूळ असतात, आतला रबर दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो. तो भिंतीतल्या फटीतून हात घालून बदलणारा माणूस गावात मिळेल का, हे आधी विचारा. टाकीशिवाय थेट पाइपावर बसणारा फ्लश व्हॉल्व्हही नको. त्याला पाण्याचा जोर लागतो आणि स्लॅबवरच्या टाकीतून पाच-सात फुटांवर तो मिळत नाही.

समुद्र जवळ असेल तर खोक्यातले लोखंडी बोल्ट बाजूला ठेवा आणि पितळेचे मागा. खाऱ्या हवेत लोखंडी बोल्टचं डोकं दोन वर्षांत गळून पडतं, आणि पुढच्या वेळी कमोड काढताना तो फोडावाच लागतो. नवा अँगल कॉक आणि कनेक्शन पाइपही त्याच फेरीत घ्या. आठ-दहा वर्षं न फिरवलेला कॉक त्या दिवशी फिरवला की तुटणार, हे धरून चाला.

पाइप आणि खड्डा

कमी पाणी मैला किती लांब नेऊ शकतं हे उतारावर ठरतं. चार इंची पाइपाला ४० ते ६० फुटांमागे एक फूट उतार हवा, म्हणजे दहा फुटांत दोन ते तीन इंच. आपल्याकडे संडास पूर्वी परसात असायचा, आता घरात आला, सेप्टिक टँक मात्र तिथेच राहिला. त्यामुळे वीस-तीस फुटांची आडवी लाइन अनेक घरांत आहे, मधे एखाद्या माडाच्या मुळांनी उचललेलीसुद्धा. कमोड घ्यायच्या आधी बाहेरच्या चेंबरचं झाकण काढा, एकाला आत फ्लश करायला सांगा आणि पाहा. पाणी धावत आलं पाहिजे. चेंबरमध्ये पाणी साचून राहत असेल तर आधी लाइन दुरुस्त करा.

सेप्टिक टँकचं कमी पाण्याने नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो. पाणी टाकीत जास्त वेळ थांबतं, गाळ खाली बसतो आणि शोषखड्ड्याकडे स्वच्छ पाणी जातं. आपला जांभा भेगांनी भरलेला असल्याने हे महत्त्वाचं. शोषखड्डा आणि विहीर यांत किमान ५० फूट अंतर असावं. जांभ्यात जितकं जास्त ठेवता येईल तितकं बरं, आणि खड्डा विहिरीपेक्षा खाली, उताराकडच्या बाजूला हवा.

सेप्टिक टँकचं झाकण उघडायचं काम पडलं तर लांबून पाहा. आत उतरायचं नाही आणि कुणाला उतरवायचंही नाही, आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. दोन-तीन वर्षांतून एकदा सक्शनची गाडी बोलवा.

बसवण्याचा दिवस

दिवस निवडतानाच शहाणपण दाखवा. मे महिन्यात आणि गणपतीच्या आधीचे तीन आठवडे प्लंबर देवापेक्षा दुर्मिळ. दिवाळीनंतर ते शिमग्याच्या आधी हा काळ उत्तम. विहिरीला पाणी असतं, हवा कोरडी असल्याने सिमेंट आणि सिलिकॉन नीट सुकतं.

आदल्या रात्री भांड्यात ब्लीचिंग पावडर टाकून ठेवा. त्याच वेळी ॲसिड टाकू नका, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. सकाळी पाणी बंद करून टाकी रिकामी करा, भांड्यातलं उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. बोल्ट काढा, कडेचं सिमेंट पातळ छिन्नीने हलकेच सोडवा. घाई केली तर कमोडसोबत जमिनीतल्या पाइपाचं तोंडही फुटतं आणि दिवसाचं काम आठवड्यावर जातं.

जुना उचलल्याबरोबर पाइपाच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबा, वास आणि सिमेंटचे तुकडे दोन्ही अडतात. बोळ्याला सुतळी बांधून तिचं टोक भिंतीवर चिकटपट्टीने लावा. हे मी उगाच सांगत नाही. आमच्या वाडीत एका घरात बोळा आत विसरून वरून कमोड बसवला होता.

नवा कमोड आधी नुसताच ठेवून बघा. डोलतो का, टाकी भिंतीला टेकते का, दार उघडताना गुडघ्याला लागतं का. मग भोकांच्या खुणा करा. टाइलवर ड्रिल सुरुवातीला हॅमर बंद ठेवून चालवा, नाहीतर टाइल तडकते. प्लास्टिकची गिट्टी ठोका, पाइपाला रबरी पॅन कनेक्टर लावा आणि कमोड त्यात सरळ रेषेत बसवा. बोल्ट डावा-उजवा असे आलटून पालटून थोडे थोडे आवळा. शेवटचा अर्धा फेरा मारायचा मोह आवरा, चिनी माती सूचना न देता तडकते.

काही गवंडी कमोडच्या पोटात सिमेंट ठासून भरतात, म्हणजे "हलणार नाही". भरू देऊ नका. सिमेंट फुगलं की भांड्याला चीर जाते आणि पुढे काढायचं झालं तर फोडण्याशिवाय इलाज राहत नाही. फक्त कडेने सिलिकॉन किंवा पांढऱ्या सिमेंटची रेघ ओढा, मागच्या बाजूला दोन बोटं जागा मोकळी सोडून. खालचा जोड गळायला लागला तर पाणी तिथून बाहेर येतं आणि तुम्हाला कळतं. ही जागा बुजवली तर पाणी महिनोन् महिने फरशीखाली मुरत राहतं.

टाकी जोडून भरा. बॉल कॉकचा स्क्रू फिरवून पाणी आतल्या रेषेवर आणा. तुमचं पाणी जोरात येत असेल तर ते रेषेच्या वर जातं आणि सहाची टाकी साडेसात सोडते. मग पुन्हा तांब्याने मोजा, मोठं बटण वेगळं आणि छोटं वेगळं. शेवटी भांड्याच्या ओल्या आतल्या बाजूवर मूठभर लाकडाचा भुसा भुरभुरा आणि एकदा फ्लश करा. भुसा जिथे चिकटून राहील तिथे पाणी पोचत नाही. एखाद्या जागी दोन बोटांएवढा राहिला तर चालेल, पट्टाच राहिला तर टाकी तिरकी बसली आहे का ते पाहा. सिलिकॉन सुकेपर्यंत दिवसभर वापरू नका.

पहिला पंधरवडा

दर दोन-तीन दिवसांनी चेंबर उघडून पाहा. मैला वाटेत थांबत असेल तर रोज सकाळी अंघोळीच्या पाण्याची एक बादली एकदम ओता, लाइन धुऊन निघते. एवढ्यावर भागत असेल तर भागवा, १६० मधले १० लिटर गेले तरी फायदा आहेच.

पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी एका वेगळ्या ड्रममध्ये धरून संडासाच्या टाकीला जोडता येतं. चार महिने पंपाचं वीजबिल तेवढंच कमी. ड्रमच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर डास आणि कौलांवरचं शेवाळ दोन्ही आत येतात.

जुना कमोड व्हाळात किंवा खाडीत टाकू नका. ब्लीचिंगने धुऊन, पोत्यात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून फोडा. तुकडे पायवाटेच्या भरावात खोल घाला, कडा चाकूसारख्या असतात. आमचे तुकडे पाखाडीच्या शेवटच्या पायरीखाली आहेत.

आणि टाकीच्या झाकणावर ठळक अक्षरात एक चिठ्ठी चिकटवा: "लहान बटण – एक नंबर, मोठं बटण – दोन नंबर". आमच्याकडे पहिल्या गणपतीत चिठ्ठी नव्हती. मुंबईच्या काकांनी चार दिवस दोन्ही बटणं एकदम दाबली, म्हणाले, "एवढं छोटं बटण, मला वाटलं मोडलंय."